गेटसमोरची जागा

फरीदाबादच्या आमच्या गल्लीत कुणी गेलं तर खांदा द्यायला दहाजण धावतील, पण गाडी लावायला हातभर जागा मागून बघा! कुणी गेटसमोर कुंड्या मांडतं, कुणी मोडकी स्कूटर उभी करून ठेवतं. रस्ता काय यांच्या तीर्थरूपांनी बांधलाय?

आणि मी तरी कुठला साव? गेटसमोरची जागा एकदा मिळाली की गाडी हलवायची नाही, हा माझा नियम. ऑफिसला मेट्रोने, भाजीला पायी. आईचे गुडघे गेलेले, मेट्रोपर्यंत चालणंही तिला झेपत नाही. कॅब बोलव म्हणाली की माझं उत्तर ठरलेलं, "दारात गाडी असताना कॅब कशाला?"

दिल्लीच्या सरकारी क्वार्टरमध्ये वीस वर्षं शेजारी राहिलेली आईची मैत्रीण कायमची नागपूरला मुलाकडे निघाली होती. दोन महिने आई मागे लागली होती, "मला एकदा भेटवून आण रे." मी म्हणायचो, "बघू, पुढच्या रविवारी." रविवारी सगळ्यांच्या गाड्या घरी. आपली काढली की जागा गेलीच.

शेवटी मैत्रिणीच्या जायच्या दिवशीच निघालो. दोन वाजता ती घर सोडणार होती. बाराला आई ठेवणीतली साडी नेसून, नारळाच्या वड्यांचा डबा मांडीवर घेऊन मागच्या सीटवर बसली. आणि बघतो तर आमच्या गाडीला आडवी एक पांढरी गाडी! अशी लावलीच, तर न्यूट्रलमध्ये ठेवायची, म्हणजे ढकलून सरकवता येते. एवढी माणुसकी इकडे सगळे पाळतात. या महाशयांनी हँडब्रेक ओढलेला. काचेवर फोन नंबरही नाही. मी हॉर्न दाबला, घरोघरी बेल वाजवली, घसा फुटेस्तोवर ओरडलो. कुणाची गाडी, कुणालाच ठाऊक नाही म्हणे!

दीड तासाने समोरच्या घरातले एक पाहुणे जेवून, दात कोरत खाली आले. "अरे भाईसाहब, पाँच मिनट की तो बात थी!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. येत होत्या तेवढ्या सगळ्या हिंदी शिव्या त्याला घातल्या. तो खांदे उडवून गाडी घेऊन गेला. तेवढ्यात आईचा फोन वाजला. मैत्रीण टॅक्सीत बसली होती, ठरल्यापेक्षा लवकर निघाले म्हणाली. आई तिला "नीट जा गं" एवढंच म्हणाली.

"बघितलंस?" मी स्टिअरिंगवर हात आपटला. "त्या नालायकामुळे तुमची भेट हुकली!"

"त्याने दीड तास अडवलं," आई म्हणाली. "तू दोन महिने अडवत होतास."