दात करणाऱ्या प्रमिलाताई

ऊन चांगलं वर आलं की प्रमिलाताई चिमट्यात नुकताच भाजलेला दात धरून गल्लीत येऊन उभ्या राहत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणत, "भाऊ, जरा हसा बघू."

माणूस बावरून हसला की त्या चिमटा त्याच्या ओठांजवळ नेत, डोळे बारीक करत, "पिवळा कमी पडलाय," असं स्वतःशीच पुटपुटत आणि आत निघून जात. तो बिचारा दात दाखवत तिथेच उभा. उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पातली ती गल्ली त्यांना सरावलेली होती. समोरचे सिंधी कापडवाले शटर उचलता उचलताच हात जोडत. "अदी, पहले दुकान तो खोलने दो. मग पाहिजे तेवढा हसतो!" त्यांच्या भाषेत अदी म्हणजे ताई. प्रमिलाताई अख्ख्या गल्लीची अदी होत्या.

त्यांची डेंटल लॅब म्हणजे एका फर्निचरच्या दुकानामागची लांबट खोली. दातांचे डॉक्टर तोंडाचं माप पाठवायचे आणि आम्ही त्यावरून दात, कॅप, कवळ्या करून द्यायचो. मी बुवापाड्यात राहायचे, चित्रकला बरी होती, एवढ्या भांडवलावर ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर त्यांच्याकडे गेले. पहिल्या दिवशी त्यांनी मेणाचा तुकडा पुढ्यात टाकला.

"तुझा स्वतःचा पुढचा दात कोर. आरसा बघायचा नाही. जिभेनं चाचपायचं."

संध्याकाळपर्यंत मी जीभ फिरवत बसले. त्यांनी माझा दात पाहिला, हसल्या आणि म्हणाल्या, "नंदे, हा दात नाही, हा शेंगदाणा आहे. उद्या परत ये."

त्या अंबरनाथला धाकट्या भावाच्या घरी राहत. लग्न केलं नव्हतं. का, ते विचारायची कुणाची हिंमत नव्हती, कारण ताईंची जीभ तिखट होती. डॉक्टरांशी फोनवर भांडताना त्यांचा आवाज समोरच्या दुकानापर्यंत जाई. पण काम हातात घेतलं की त्या मऊ होत. सारखं एक वाक्य म्हणत, "आपण दात करत नाही गं, आपण माणसाला विसर पाडतो. तोंडात दात बसवलाय हे त्याला आठवत राहिलं, तर आपलं काम फसलं."

नव्वदच्या दशकात इम्प्लांट आले. तोवर पडलेल्या दाताच्या जागी एक दात बसवायचा तर शेजारचे दोन चांगले दात तासावे लागत. आता जबड्याच्या हाडातच टायटॅनियमचा खुंट रोवायचा, त्यावर एक छोटा खांब बसवायचा आणि खांबावर दात. या मधल्या खांबाला अबटमेंट म्हणतात. तो खालच्या खुंटाला तांदळाच्या दाण्याएवढ्या स्क्रूने आवळलेला असतो. सगळी मदार त्या स्क्रूवर. आमच्याकडे असं पहिलं काम बदलापूरच्या डॉक्टर परांजप्यांकडून आलं. डॉक्टर तरुण होते, मुंबईत जाऊन हे नवं तंत्र शिकून आले होते. पेशंटचं नाव बाळाराम, राहणार खरवई, वरचा पुढचा दात. ताईंनी त्या दातासाठी गल्लीतल्या निम्म्या लोकांना हसवलं. दात झाला तेव्हा शेजारचा कोणता आणि आपला कोणता, हे मला प्लास्टरच्या मॉडेलवर आकारावरून ओळखता येईना.

थोड्याच आठवड्यांत डॉक्टरांचा फोन आला. दात हलतोय, स्क्रू ढिला झालाय. त्यांनी आवळला. पुन्हा ढिला झाला, पुन्हा आवळला. आणि मग एके दिवशी तो दात खांबासकट एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आमच्याकडे परत आला. स्क्रू मधोमध तुटला होता. वरचा तुकडा पिशवीत होता, खालचा पेशंटच्या जबड्यातल्या खुंटात अडकून पडला होता.

"तुमचं कास्टिंग नीट बसलं नव्हतं," डॉक्टर फोनवर म्हणाले. कास्टिंग म्हणजे दाताच्या आतला ओतीव धातूचा भाग.

"माझं कास्टिंग? तुम्हाला स्क्रू आवळता येत नाही आणि माझं कास्टिंग?" ताई कडाडल्या. बराच वेळ जुंपली. शेवटी त्यांनी रिसीव्हर आदळला.

अशा वेळी बऱ्याच लॅब काय करतात ते मी पुढे पाहिलं. गुपचूप नवा दात करून पाठवतात. विचारायचं नाही, सांगायचं नाही, म्हणजे डॉक्टर तुटत नाही. ताईंचा राग शांत झाल्यावर त्यांनी तो दात धुतला, पुसला आणि खिडकीशी भिंग घेऊन बसल्या. मॉडेलवर लावून पाहिला. चपखल बसत होता, फट नव्हती. मग त्यांचं लक्ष दाताच्या खालच्या कडेवर गेलं.

"नंदे, हे बघ. इथली चकाकी गेलीय. घासलंय काहीतरी."

"खालचा दात घासत असेल."

"खालचा दात इथे पोचतच नाही." त्यांनी मॉडेलचे दोन्ही जबडे मिटवून दाखवले. "मग घासतं काय?"

त्यांनी डॉक्टरांना पुन्हा फोन केला, या वेळी हळू आवाजात. पेशंट करतो काय? डॉक्टर म्हणाले, घरची शेती आहे, आता काही जमीन बिल्डरला दिलीय. एवढंच त्यांना ठाऊक होतं. ताईंनी फोन ठेवला आणि म्हणाल्या, "चल, खरवईला जाऊन येऊ."

दात करणारी माणसं पेशंटला भेटत नाहीत. आमच्यापर्यंत तोंड येतं ते प्लास्टरचं. म्हणून मला ते अवघडच वाटत होतं. बदलापूर स्टेशनवरून रिक्षाने गेलो. नव्या इमारतींच्या मागे गाव होतं. बाळाराम ओसरीवर बसला होता, तिशीतला, अंगाने भरलेला. आम्हाला पाहताच त्याने हात तोंडावर नेला आणि बोलताना तो काढलाच नाही. त्याच्या आईने पाणी आणलं. ताईंनी सरळ विचारलं, "बाळाराम, तू दातात काय धरतोस?"

 आईच बोलली, "अरं सांग ना त्यांना. तो बँडमदी क्लॅरिनेट वाजवतो, बाय. लगनात, हलदीला."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. क्लॅरिनेटच्या तोंडावर वरचे पुढचे दात टेकवून फुंकायचं असतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, या दाताने कडक काही तोडायचं नाही. बाळारामला वाटलं, क्लॅरिनेटचं सांगितलं तर तेही बंद करतील. म्हणून त्याने सांगितलंच नाही. आणि एका हळदीत, ऐन गाण्यात, दात सुटून जिभेवर आला.

"मी थुकला नाय, गिलला पन नाय," तो म्हणाला. "गालात धरला नि वाजवाचा बंद केला. सगला बँड थांबला. आता माज्या जागेवर दुसरा हाय. मी सामानाची पेटी उचलतो."

"तुला दात कसा हवाय?"

"ताय, मना दिसाला नको. मना वाजवाला पायजे."

 ताईंनी त्याला क्लॅरिनेट आणायला सांगितलं. दात नव्हता, सूर फुटत नव्हता, नुसती हवा निसटत होती, तरी त्याने वाजवायच्या पवित्र्यात धरून दाखवलं. ताई त्याच्यासमोर ओणव्या होऊन पाहत राहिल्या. क्लॅरिनेटचा सगळा भार नेमका त्या मोकळ्या जागेवर येत होता.

परतताना रिक्षात त्या म्हणाल्या, "शेजारच्या दाताशी जुळावा म्हणून मी तो केसभर लांब ठेवला होता. फोटोतल्यासारखा. वाद्य आधी त्याच्यावरच टेकत होतं. मी शोभेचा दात केला, नंदे. तो कामाचा आहे हे मला कुणी सांगितलं नाही, खरंय. पण मी तरी कुठे विचारलं?"

लॅबमध्ये पोचताच त्यांनी डॉक्टरांना फोन लावला. मी जवळच होते. "डॉक्टर, प्रमिला प्रधान बोलतेय. भांडताना मी तुम्हाला जे बोलले ते मागे घेते. दात माझ्याकडून लांब झालाय."  मग डॉक्टर म्हणाले, धंदा काय ते मीही विचारायला हवं होतं. आणि लगेच म्हणाले, तुटलेला तुकडा निघाला नाही तर पुढचं सगळंच व्यर्थ आहे. खुंट हाड कापून काढावा लागेल. तुम्ही येता का?

ताई गेल्या, मलाही नेलं. डॉक्टरांनी बाळारामला खुर्चीत आडवं केलं आणि सुईसारख्या टोकदार हत्याराने तो स्क्रूचा तुकडा उलट्या दिशेने हळूहळू फिरवायला सुरुवात केली. जोर लावायची सोय नव्हती. जोर लावला की तुकडा आणखी घट्ट रुतणार, आतले आटे खराब होणार. आयुष्यभर दात हाताळणाऱ्या ताईंना जिवंत तोंडातलं ते काम बघवेना. त्या भिंतीकडे तोंड करून कॅलेंडर वाचत उभ्या राहिल्या. डॉक्टरांच्या कपाळावरचा घाम नर्स टिपत होती. "हलला," ते एकदम म्हणाले.  शेवटी कापसावर काळा ठिपका ठेवावा तसा तो तुकडा त्यांनी ठेवला. ताईंनी वळून पाहिलं आणि चक्क डॉक्टरांच्या पाठीवर थाप मारली.

नवा दात ताईंनी आखूड केला, मागून धातूचा. आणि वाजवताना वरच्या सगळ्या पुढच्या दातांवर चढवायचं एक पातळ पारदर्शक कवच केलं, म्हणजे भार एकट्यावर न येता वाटला जाईल. दात डॉक्टरांनी बसवला. कवचाची परीक्षा मात्र आमच्या गल्लीतच झाली. बाळाराम क्लॅरिनेट घेऊन आला, पायरीवर उभा राहिला आणि फुंकलं.

"आवाज बसतोय. नाकातून आल्यावानी."

ताईंनी कवच घासून पातळ केलं. पुन्हा वाजवलं. पुन्हा घासलं. कापडवाले काका बाहेर येऊन उभे राहिले, फर्निचरवाल्याचे कामगार रंधा टाकून आले.

"आता बरा हाय," बाळाराम म्हणाला.

"बरं नकोय मला," ताई म्हणाल्या. "माझं मन राखायला हो म्हणू नकोस. कुठे अडतं ते सांग."

"वरच्या सुराला जरासा."

त्यांनी पुन्हा कवच काढून घेतलं. त्यानंतर त्याने जे गाणं धरलं ते पुरं होईपर्यंत कुणी जागचं हललं नाही. काकांनी विचारलं, "अदी, शादी किसकी है?" ताई घासायच्या मोटरजवळ बसून होत्या, हात पांढऱ्या भुकटीने माखलेले. "माझ्या दाताची," त्या म्हणाल्या.

बाळाराम पुढच्या मोसमात बँडमध्ये आपल्या जागी उभा राहिला. त्याचा दात मी लॅबमध्ये असेपर्यंत परत आला नाही.

ताईंना खोकला लागला तो त्यानंतर काही वर्षांनी. तोंडाला फडकं बांधा, डॉक्टर सांगत, मीही सांगे, पण श्वास कोंडतो म्हणून त्या ऐकत नसत. दात घासताना उडणारी भुकटी इतकी वर्षं छातीत जाऊन बसली होती. दम लागायला लागला, गल्लीत जाणं थांबलं, मग लॅबमध्ये येणंही. शेवटी त्यांना अंबरनाथच्या एका हॉस्पिटलमध्ये ठेवलं. भाऊ आणि वहिनी रात्री असत, दिवसा मी.

एका दुपारी नळी घालायची होती म्हणून नर्सने विचारलं, "यांची कवळी काढायची राहिलीय का?"

"त्यांना कवळी नाही," मी म्हणाले.

नर्सने माझ्याकडे पाहिलं, ताईंच्या ओठांखाली अंगठा घातला आणि वरची अख्खी कवळी अलगद काढून स्टीलच्या वाटीत ठेवली.

इतकी वर्षं मी त्यांच्यासमोर बसले होते. त्यांना जेवताना, भांडताना, खदखदून हसताना पाहिलं होतं. दात बघणं हाच माझा धंदा होता, आणि मला कळलं नव्हतं. वाटी घेऊन मी खिडकीपाशी गेले. पुढच्या दोन दातांपैकी एकाची कड त्यांनी थोडी झिजलेली ठेवली होती. डावा सुळा किंचित वाकडा. एका दाढेवर चहाने पडावा तसा डाग. हे दात त्यांनी कधी केले, खरे कधी आणि कशाने गेले, कुणास ठाऊक. पुढे भावाला विचारलं, तर त्यालाही माहीत नव्हतं.

मी परत आले तेव्हा नळीचं काम झालं होतं. ताई डोळे उघडून माझ्या हातातल्या वाटीकडे पाहत होत्या. ओठ आत गेले होते, चेहरा अनोळखी म्हातारीचा झाला होता. त्यांनी हात तोंडावर नेला.

मी कवळी धुतली. नर्सला विचारलं, ती म्हणाली थोडा वेळ चालेल. मी आजवर शेकड्यांनी दात केले होते, पण कुणाच्या तोंडात कधी घातले नव्हते.  ताईंनीच माझं मनगट धरून दिशा दिली. कवळी जागेवर बसली. त्यांनी आतून जीभ फिरवली, एकदा, सावकाश, आणि त्यांचा चेहरा पुन्हा त्यांचा झाला.

"कळलं नव्हतं ना तुला?" त्यांनी विचारलं.

"नाही ताई. अजिबात नाही."

त्या हसल्या, सगळे दात दाखवून. दोन दिवसांनी गेल्या.