दीनामावशींचा अर्धा राहिलेला नवस

रूबेनचा फोन आला तेव्हा मी पुढच्या आठवड्याच्या कामांची यादी करत होते. "शैलाताई, आई गेली," एवढंच तो म्हणाला आणि मग दफन किती वाजता, गाड्या कुठे लावायच्या, हे सांगत राहिला. मी सगळं लिहून घेतलं. फोन ठेवल्यावर पानाकडे बघितलं. दफनाच्या वेळेच्या वरच्याच ओळीत माझ्याच अक्षरात होतं : सलमाला मुलांची नावं विचारणे. पाच महिने ती ओळ मी एका आठवड्यातून दुसऱ्या आठवड्यात उतरवून घेत होते.

दीनामावशी मूळच्या रेवदंड्याच्या, बेने इस्राएली, म्हणजे आपल्या कोकणातल्या मराठी ज्यू. लग्नानंतर नवऱ्याबरोबर इस्राएलला गेल्या, तिथे लोद गावात तीस वर्षं राहिल्या आणि नवरा वारल्यावर धाकट्या मुलाकडे, रूबेनकडे, ऑकलंडला आल्या. मुलगी तिकडेच राहिली, अश्दोदला. ऑकलंडमधल्याच अवोन्डेल भागातल्या एका हॉलमध्ये मी दर बुधवारी वयस्कर बायकांचा गट चालवते. तिथे त्या पहिल्यांदा आल्या आणि मी पुण्याची आहे हे कळताच म्हणाल्या, "पुण्याची? म्हणजे चहा वेळेवर मिळेल, पण अर्धा कप."

सलमा, पॅलेस्टिनी, त्याच गटात होती. तिचे वडील लोदचेच. अठ्ठेचाळीस साली इस्राएल झालं तेव्हा घर सोडून निघाले ते परत जाऊ शकले नाहीत. सलमा जन्मली गाझाच्या निर्वासित छावणीत. तिची बहीण हनान चार मुलांसह अजून तिथेच. ज्या गावाबद्दल सलमा जन्मभर ऐकत आली, ते तिने कधी पाहिलं नव्हतं, आणि दीनामावशींना त्याची गल्ली न् गल्ली ठाऊक. पहिल्याच महिन्यात मावशींनी सेलच्या पत्रकामागे नकाशा काढून दिला... हे स्टेशन, हा बाजार, ही मशीद. सलमा एकेका जागेवर बोट ठेवून विचारायची, हे अजून आहे का? मग भांडण व्हायचं. सलमा एकदा म्हणाली, "माझ्या वडिलांचं गाव तुला फुकट मिळालं आणि तू तेही सोडून इथे आलीस." मावशी म्हणाल्या, "मला तिथल्या घराची चावी दिली तेव्हा तुझ्या वडिलांबद्दल कुणी सांगितलं नव्हतं गं. आता कळलंय, तर तू ओरड, मी ऐकते." आणि पुढच्या बुधवारी दोघी पुन्हा शेजारी शेजारी.

या जानेवारीत, २००९ साली, गाझातलं युद्ध भडकलं. अश्दोदवर रॉकेट पडत होती, मावशींची मुलगी भोंगा वाजला की जिन्यात जाऊन बसायची. तिचा मुलगा सैन्यात, सीमेपलीकडे गेलेला. हनानचा फोन आठवडाभर लागत नव्हता. त्या बुधवारी सलमा हळू आवाजात म्हणाली, "तुझा नातू माझ्या बहिणीच्या दारात उभा असेल."

"मग ती त्याला पाणी देईल का?" मावशींनी विचारलं.

"तो घेईल का?"

सलमाने पर्स उचलली आणि ती निघून गेली.

त्यानंतर जे केलं ते मी केलं. सलमाला मी शुक्रवारच्या दुसऱ्या गटात टाकलं. तिला सांगितलं की दीनाला सध्या जरा जड जातंय. मावशींना सांगितलं की शुक्रवार सलमानेच मागून घेतला. दोन छोटी वाक्यं, दोन्ही खोटी. हॉल शांत झाला आणि मला वाटलं, चला, हे एक काम नीट मार्गी लागलं.

फेब्रुवारीअखेर मावशींनी घरी बोलावलं. नातू सुखरूप परतला होता. मी म्हटलं, नवस बोलला होतात ना, आता मलिदा करा. त्यांच्यात नवस फेडायला मलिदा करतात, भिजवलेले पोहे, नारळ, साखर, वरून फळं, आणि एलियाहू पैगंबराचं नाव घेऊन सगळ्यांना वाटतात. मावशींनी नकारार्थी मान हलवली.

"नवस एकट्या माझ्या नातवाचा नव्हते बोलले. हनानच्या चौघांचाही होता. अर्धा कसा फेडू? आमच्यात नाव घेतात ते आईच्या नावासकट. हनान ठाऊक आहे, पोरांची नावं नाहीत. सलमाकडून विचारून घे. आणि... बरी आहेत ना, तेही."

मी म्हटलं, तुम्हीच फोन करा ना.

"तिनेच शुक्रवार मागितला ना गं. तिला माझा आवाज नको असेल."

त्याच क्षणी सांगायला हवं होतं. मी वही काढली आणि ती ओळ लिहिली. नावं विचारायची तर कुणाला हवीत हे सांगावं लागणार, आणि माझं खोटं बाहेर पडणार. सलमाने एका शुक्रवारी विचारलं, दीना अजून रागावलीय का? मी म्हटलं, तब्येत बरी नसते. तोवर ते खरं झालं होतं.

दफनानंतर चार दिवसांनी मी सलमाकडे गेले आणि सगळं सांगितलं. ती भांडी घासत होती. तिने नळ बंद केला.

"मला वाटत होतं, तिला माझं तोंड बघायचं नाही."

"त्यांनाही तेच वाटत होतं," मी म्हटलं.

हात पुसून तिने माझी वही ओढली, चार नावं अरबीत लिहिली, खाली माझ्यासाठी इंग्रजीत लिहिली आणि उच्चार जमेपर्यंत माझ्याकडून म्हणून घेतली. मग म्हणाली, "यातलं एक आता नाही."

मी नावांकडे बघत राहिले.

"कुठलं ते सांगणार नाही. तू चारही सारखीच घ्यायचीस."

मलिद्याला ये म्हटलं, तर तिने मान हलवली. "मला तिच्यासमोर यायचं होतं. तिच्या फोटोसमोर नाही."

महिना झाल्यावर आईचा राहिलेला नवस फेडायला रूबेनने मलिदा केला, मावशींच्याच परातीत. प्रार्थना झाली आणि त्याने मला खूण केली. त्याच्या भाच्याचं नाव घेऊन झाल्यावर मी हनानच्या मुलांची नावं भराभर वाचायला लागले, तर त्याने माझ्या हातावर हात ठेवला. "सावकाश, शैलाताई. आई प्रत्येक नावानंतर थांबायची. ते माणूस डोळ्यांसमोर आलं की मग पुढे जायची."

मी पहिल्यापासून सुरुवात केली. एक नाव, आणि थांबले. डोळ्यांसमोर कुणीच आलं नाही, मी त्यांना कधी पाहिलेलंच नाही... फक्त वाटलं, गेलेलं ते हे तर नसेल? दुसऱ्यालाही तेच, तिसऱ्यालाही, चौथ्यालाही.

आता ती नावं पाठ झाली आहेत. भाजी निवडताना, सिग्नलला गाडी उभी असताना ओठांवर येतात. प्रत्येकानंतर मी थांबते.