हिंदी शिकायला जपान

मनोहररावांची नागपूरच्या मानेवाड्यात पिठाची गिरणी आहे. गिरणीच्या आवाजावर बोलून बोलून त्यांचा स्वर असा झालाय, की ते ख्यालीखुशाली विचारतात तेव्हाही भांडताहेत असं वाटतं. माणूस मवाळ. कुणाचं दळण जाडसर निघालं, तर न सांगता पुन्हा दळून देतील. पण गेलं वर्षभर ते खरोखर वैतागले आहेत, ते लेकीपायी.

त्यांची लेक अपेक्षा माझी जुनी विद्यार्थिनी. ओसाकाच्या एका भाषाशाळेत जपानी शिकते. विद्यार्थी व्हिसावर आठवड्याला ठरावीक तास काम करता येतं, त्यात फी सुटेल, असं एजंटानं सांगितलं होतं. फी सुटते. पण डिसेंबरची परीक्षा पास झाली नाही, तर पुढे कॉलेजात प्रवेश नाही, आणि प्रवेश नाही तर व्हिसाही नाही. सामान बांधून परत यायचं. सराव परीक्षेत ती नुकतीच दुसऱ्यांदा नापास झाली होती.

म्हणून रविवारी मनोहररावांनी मला घरी बोलावलं. "मॅडम, तुम्हीच सांगा तिले. माह्यं ऐकूनच नाही राहिली."

त्यांच्या पत्नी प्रेमिलाताईंनी मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला. पलीकडे अपेक्षा दिसली, वाळलेली.

"काहून नापास झाली वं?"

"बाबा, हळू बोला. जेवणाचे डबे भरायच्या कारखान्यात जपानी बोलाले भेटतच नाही. सगळ्या नेपाळी पोरी. दिवसभर हिंदी बोलून राहिलो आम्ही. जपानी दोनच शब्द ऐकू येतात, लवकर अन् अजून लवकर."

"हिंदी शिकाले जपानले गेली काय? इतवारीच्या बाजारात फुकट शिकली असती."

अपेक्षा हसली नाही. शाळेजवळ एक छोटं नूडल्सचं दुकान आहे, ती म्हणाली. तिथं गिऱ्हाइकाशी बोलावंच लागतं. पगार मात्र कमी.

"मंग फी?"

"कमी पडन."

मनोहरराव माझ्याकडे वळले. "पाहा मॅडम. फी भराले काम करायचं. कामापायी शिकायचं नाही. अन् शिकलं नाही तं फी पाण्यात. हे कोणं काढलं?"

"बोलल्याशिवाय भाषा येत नाही, मनोहरराव," मी म्हटलं.

"तुम्ही पण?"

"बाबा," अपेक्षा म्हणाली, "मी कारखाना सोडला. सोमवारपासून दुकानातच जाऊन राहिली."

प्रेमिलाताईंनी चहाचे कप उचलले आणि तिथंच उभ्या राहिल्या. मनोहरराव काहीतरी बोलले, ते इतकं हळू की पलीकडून "ऐकू नाही आलं," असं उत्तर आलं.

"काय वाढते तिथं, म्हटलं."

तिनं आईकडे एकदा पाहिलं आणि सगळी यादी जपानीत सांगून टाकली. मधे दोनदा अडखळली. प्रेमिलाताई माळकरी; त्या यादीत मटण-मच्छी बरीच असावी, असा मला संशय आला.

"काय म्हणाली हे?" प्रेमिलाताईंनी विचारलं.

"मले काय मालूम." मनोहरराव मोबाइलजवळ वाकले. "पुन्हा म्हण."

तिनं पुन्हा म्हटलं. या वेळी कुठं अडखळली नाही. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, एक अक्षर न कळता, कपाळाला आठ्या घालून.

"कमी किती पडते ते लिहून पाठव," ते नेहमीच्या आवाजात म्हणाले. "अन् मराठीत लिही."