पाचव्या शीलाला गप्प राहणारे

आमच्या घरचा माणूस खोटं बोलत नसे. हे मी कौतुकानं सांगत नाही. त्या काळी मला याच गोष्टीचा सगळ्यात जास्त संताप यायचा. पौर्णिमेला विहारात सगळे हात जोडून पंचशील म्हणायचे. चोरी करणार नाही, खोटं बोलणार नाही, इथपर्यंत याचा आवाज खणखणीत. पाचवं आलं, दारू पिणार नाही, की हा गप्प. बायकांच्या बाजूला बसूनही मला बरोबर कळायचं. घरी येऊन मी भांडले की म्हणायचा, "आत्ताच तं चौथं म्हनलं. लगेच खोटं बोलू काय?"

सांगा आता, अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

पिऊन तो हात उचलत नसे, पण पडायचा कुठंही. शाळेतून येताना बाप रस्त्यात पडलेला दिसला की आमची पोरगी दुसऱ्या गल्लीनं घरी यायची. हे मला शेजारणीकडून कळलं आणि त्या दिवशी माझं मन उठलं. बहात्तरचा दुष्काळ सरून गेला होता, पिकं पुन्हा उभी राहत होती. येत्या पावसाळ्यातली ज्वारी निघाली की पोरीला घेऊन रिसोडला माहेरी जायचं, कायमचं, असं मी ठरवलं आणि त्याच्या तोंडावर सांगितलं. तो म्हणाला, "जाय. तुह्यं बरोबर हाये." भांडला असता तरी बरं वाटलं असतं मेलं.

त्याच उन्हाळ्यात कारंज्याकडच्या एका खेड्यात माझ्या मामेबहिणीचं लग्न होतं. मंडपात पंचशील सुरू झालं आणि हा नेहमीसारखा पाचव्याला गप्प. बाजूच्या तरण्या पोरांनी ते ऐकलं. लग्नात तरी म्हणायला काय झालं, हा धम्माचा अपमान आहे, असं त्यांनी चारचौघांत सुनावलं. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पंगती उठल्यावर नवरदेवाचे चुलत आजोबा आमच्याकडे आले. मला वाटलं, आता हेही झाडणार.

"पाव्हनं, पाचव्याले गप्प राह्यले तुमी?"

"हो," हा मान खाली घालून म्हणाला.

"मी बी राह्यलो. लय वर्सं." एवढं बोलून ते त्याच्याशेजारी बसले.

त्यांच्याकडून कळलं की त्यांच्या गावी दर शनिवारी दुपार कलली की विहारामागच्या लिंबाखाली काही माणसं बसतात. कुणी दारू सोडलेली, कुणी सोडू पाहणारी. आमच्या समाजाची जास्त, पण पाटलांच्या घरचेही दोघं-तिघं. एकेकानं पाळीपाळीनं पाचवं शील म्हणायचं. ज्यानं त्या आठवड्यात घेतली असेल त्यानं गप्प राहायचं, आणि त्याला काहून म्हणून कुणी विचारायचं नाही. गुळाचा चहा सगळ्यांना सारखा.

हा काही जायला तयार होईना. मग मीच पोरीला घेऊन जवळच्या शेलूबाजारहून एसटी धरली. तिथं बायकाही बसायच्या. मी इतकी बोलले राजेहो, की घशाला कोरड पडली. नवऱ्याला सांभाळून घे बाई, असं एकीनंही म्हटलं नाही. एका म्हातारीनं, त्या आजोबांच्याच बायकोनं, माझ्या पोरीला मांडीवर घेतलं आणि सगळं ऐकून घेतलं. तिचे उपकार माझ्याच्यानं फिटायचे नाहीत.

काही शनिवार गेल्यावर हा मागे लागला. "पाहू तं दे, तू माही काय बदनामी करून राह्यली." आला, बसला, पाळी आली, गप्प. चहा मिळाला. पुढच्या खेपेलाही तसंच. मला वाटायचं, गदागदा हलवावं याला. मग एका शनिवारी पाचवं म्हणाला, घोगऱ्या आवाजात, अडखळत. पुढं पुन्हा गप्प, पुन्हा म्हणाला. ज्वारी निघाली. मी माहेरी गेले नाही, पण जाणार नाही असंही त्याला सांगितलं नाही. माझी खात्री होत नव्हती, आणि त्यालाही ते ठाऊक होतं.

माघात ती म्हातारी वारली. त्यानंतरच्या शनिवारी आजोबांची पाळी आली आणि आजोबा गप्प राहिले. सगळ्यांच्या माना खाली गेल्या. ज्यांनी आम्हाला इथं आणलं त्यांचंच असं, तर आमच्या माणसाचा काय भरवसा?

तेवढ्यात हा उठला. चहाचा पेला त्यानं आजोबांच्या हातात दिला आणि ते पिऊन होईपर्यंत शेजारी बसून राहिला. मग म्हणाला, "चाला बाबा, घरी. आज मी हावो तुमच्यापाशी." मला म्हणाला, "तुमी दोघी एसटीनं जा. मी सकाळी येतो."

आम्ही मायलेकी घरी आलो, जेवलो. लग्न झाल्यापासून हा घरी नसताना माझा डोळ्याला डोळा लागला नव्हता. त्या रात्री तो परगावी होता, दारू प्यायलेल्या माणसाच्या घरी, आणि मी दिवा मालवून आडवी झाले ती सकाळीच उठले.