चांदी भाकड कशी झाली

मुकुंदवाडीतल्या आमच्या दूध-नोंदींच्या ऑफिसात तो माणूस एकदाच आला, आणि भांडायलाच आला. खांद्यावर घोंगडी, हातात शेळ्यांच्या दुधाचा आमचाच अहवाल. बोलताना त्याची उजवी मूठ धार काढल्यासारखी उघडझाप करायची.

"साहेब, माझी चांदी भाकड हाय, हे कुणी ठरवलं?"

"कॉम्प्युटरनं."

"त्यानं धार काढून पाहिली व्हय?"

त्याच्या बाकी शेळ्यांच्या सात दिवसांच्या नोंदी होत्या, चांदीच्या पहिल्या चारच. मी ज्या भाषेत प्रोग्रॅम लिहितो, तिला आकड्यांच्या सगळ्या ओळी सारख्या लांबीच्या लागतात. जिथं आकडे कमी पडतील तिथं ती आपणहून शून्य भरते, म्हणून चांदीच्या शेवटच्या तीन दिवसांपुढं शून्य दूध पडलं. ही सोय मी वर्षानुवर्षं लोकांना कौतुकानं सांगत आलोय. त्यालाही सांगितली.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. "नातवाला दूध पायजे म्हून चांदीला अजिंठ्याला लेकीकडं धाडली. तिथं लई दूध देती. गावाला गेलेल्याला मेला म्हंता व्हय तुम्ही?"

अहवालात खाली 'विकून टाकावी' असा सल्लाही आम्ही छापला होता. मी प्रोग्रॅममध्ये एक ओळ बदलली: मोकळ्या जागी शून्याऐवजी 'गावाला गेली' भर. नवा कागद काढून दिला. प्रत्येक अक्षराखाली बोट फिरवत त्यानं तो वाचला. मूठ पहिल्यांदाच शांत झाली होती. घोंगडी सावरून तो दारापर्यंत गेला आणि परत आला.

"चांदी परत कधी येणार, ते नाय का सांगत ह्यो?"