कासवाच्या दारातला दिवा
हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही: उडत्या कासवाच्या कार्टूनचा जो शेवट माझ्या धाकट्या भावाला पाठ आहे, तो मी रचलेला आहे. परवा हुडकेश्वरला त्याच्या घरी तेच कार्टून नव्यानं काढलेलं लागलं, ओळखीची शीळ वाजली आणि नरखेडकडचं आमचं घर आठवलं. रविवारी सकाळी अंगणात संत्र्यांच्या पेट्या भरणं चालायचं, मी टीव्हीसमोर आणि तो गच्चीवर अँटेना धरून, कारण त्यानं हात सोडला की चित्र जायचं. "दादा, दिसून राहिलं का गा?" तो वरून ओरडायचा. शेवटच्या भागाला अर्ध्यात जागा बदलायचं ठरलं होतं, पण मी उठलोच नाही. खाली आल्यावर त्यानं एवढंच विचारलं, "कासव घरी पोचलं?" कासव समुद्रात एकटंच राहिलं होतं. मी म्हणालो, "पोचलं ना! मायनं दारात दिवा लावला होता." नव्या कार्टूनमधलं कासव मात्र शहरातच रमलं, तसा शेजारी बसलेल्या लेकीकडे बोट दाखवत भाऊ चिडला, "यायनं शेवट काहून बदलला? दिवा कुठी गेला? दादा, तू सांग हिले!" पुतणीनं विचारलं, "मोठेबाबा, होता का हो दिवा?" दिवा दिसला नाही म्हणून मलाही राग आला होता, माझंच खोटं असून. "होता," मी म्हणालो. त्या भागाचा अर्धा वाटा आणि खरा शेवट, दोन्ही मी अजून त्याला देणं लागतो.