टेकडीला गाळ घालणारे साडभाऊ

गोंदिया जिल्ह्यात झाडांचा पाहुणचार करणारा एकच गृहस्थ आहे आणि ते माझे साडभाऊ, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. माणसांनाही ते आग्रहाने वाढतात, पण माणसे कधी ना कधी उठून जातात. नवेगाव बांधच्या पुढे, त्यांच्या गावामागे, चुनखडीची एक बुटकी टेकडी आहे. भोवती सगळे धान आणि तळी. मधेच हा पांढरट, भेगाळलेला दगड. त्यावर माती औषधालाही नाही, तरी शेजारच्या जंगलात न दिसणारी झाडे नेमकी त्याच्याच फटींत राहतात. साडभाऊंच्या हिशेबी ती सगळी नातलग आहेत. आल्या माणसाला चहाच्या आधी टेकडीवर नेले जाते, चपला खाली काढायला लावल्या जातात आणि ओळखी सुरू होतात. पांढऱ्या खोडाचा कांडोळ हे थोरले व्याही. ओल्या कपारीतला हंसराज हा भाचा. आणि एका भेगेत बोटभर उंचीचे, निळ्या फुलांचे, कोणालाच नाव ठाऊक नसलेले रोप ही 'धाकटी'. तिच्यासमोर मला एकदा शिंक आली, तेव्हा साडभाऊंनी माझ्या वतीने तिची माफी मागितली. चुन्यासाठी दगड फोडायला आलेल्या ट्रॅक्टरवाल्याचीही त्यांनी अशीच ओळख करून दिली. तो रिकामा परत गेला. आता रविवारी बायकोला घेऊन व्याह्यांना भेटायला येतो.

त्यांच्या पूर्वजांनी गावोगाव तळी बांधली. त्यामुळे घरात तळ्याच्या गाळाला तुपाचा मान. धानाच्या बांधीत गाळ, परसात गाळ, मेहुणीबाईंच्या तुळशीत गाळ. दोन उन्हाळ्यांपूर्वी तळे आटले आणि साडभाऊंना धाकटीची कीव आली. "सारं गाव खाऊन राहिलं, अन् हे पोरगी दगड चाटून राहिली," म्हणून त्यांनी डोक्यावरून टोपल्या वाहून टेकडीच्या भेगा काळ्याभोर गाळाने लिंपून काढल्या. पावसाळ्यात टेकडी हिरवीगार झाली. साडभाऊंनी पेढे वाटले. पेढे संपल्यावर लक्षात आले की ते सगळे गवत आणि तरोट्याचे तण आहे, आणि धाकटी कुठेच नाही.

तालुक्याच्या गावाहून वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या एक बाई आल्या. त्या म्हणाल्या, "काका, या झाडांना उपाशी दगडच मानवतो. माती मिळाली की गवत येऊन त्यांना जागेवरून उठवतं."

मेहुणीबाई म्हणाल्या, "पावण्याले वाढू वाढू घरची पोरगी घालवली तुमी."

साडभाऊ त्या दिवशी जेवले नाहीत. त्यांच्या घरात ही घटना अभूतपूर्व होती.

मग सुरू झाली गाळ उपसणी. फावड्याने भेग फुटते म्हणून चमचे, आणि चमचा शिरत नाही तिथे दातांचे जुने ब्रश. दिवाळीला आम्ही गेलो तर बशीत चिवड्याशेजारी चमचा होता; मी तो चिवड्यासाठी समजलो. साडभाऊंचे नवे जावई पहिल्या दिवाळसणाला कडक इस्त्रीत आले होते. त्यांना ब्रश मिळाला.

"मामाजी, शोधायचं काय नेमकं?"

"शोधाचं कायी नाही. खरडाचं."

"आणि सोन्याची अंगठी?"

"काढून ठेवा. अडकते."

दोन दिवस सगळे सोयरे टेकडीवर पालथे पडून दगडाचे दात घासत होते. खालून जाणाऱ्या एसटीच्या चालकाने गाडी थांबवून विचारले, "काऊन बाप्पा, काय हरवलं?" मेहुणीबाईंनी वरूनच सांगितले, "अक्कल. भेटली त कळवतो." हसता हसता जावयांचा ब्रश मोडला.

यंदाच्या पावसाळ्यात मी गेलो तेव्हा साडभाऊ टेकडीवर नव्हते, पायथ्याशी बांधावर बसले होते. वरच्या कड्याला, जिथे त्यांची टोपली पोचली नव्हती, तिथे धाकटी नव्याने उगवल्याचे ट्रॅक्टरवाल्याने सांगितले होते.

"चला ना वर," मी म्हणालो.

"तुमी या पाहून. मी नाही येत. मी गेलो का माह्या हातानं काहीतरी वाढल्या जाते."

मी चढलो. ती होती. खाली आलो तेव्हा त्यांनी आधी माझे हात पाहिले, मग चेहरा.

"मोठी झाली का?"

"नाही. बोटभरच आहे."

"सुकलेली?"

"होती तशीच आहे."

"मंग बरी आहे," साडभाऊ म्हणाले, आणि टेकडीकडे पाठ करून बसले.